रात्रीच्या गाडीत कोण कुठे चढलं, हे टीसीला कसं कळतं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. कोकणकन्येत मध्यरात्री टीसी झोपलेल्यांना सोडून नेमका नुकत्याच चढलेल्या माणसापाशी कसा येतो? तिकीट दादरपासूनचं असताना पनवेलला चढलं तर चालतं का? आणि एकटी गावी जाणारी आई तिकिटाच्या घोळात सापडली, तर तिला मध्येच उतरवतील का? याच मार्गावरच्या गाड्यांत टीसी म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीसी चेहऱ्यांवर नाही, बर्थवर लक्ष ठेवतो. चार्टमध्ये प्रत्येक बर्थपुढे नाव, वय, स्त्री की पुरुष, पीएनआर आणि कुठून कुठपर्यंत, हे सगळं असतं. त्यामुळे ठाणं सुटलं की पनवेलला कोणकोणते बर्थ भरणार हे आम्ही आधीच बघून ठेवायचो. पनवेलहून गाडी हलली की तेवढ्याच बर्थकडे जायचं, कारण बाकीच्यांवर खूण झालेली असते. रात्री १० ते सकाळी ६ झोपलेल्यांना तिकिटासाठी उठवू नये असा नियम आहे, पण दहानंतर चढलेल्यांना तो लागू नाही. कोकणकन्या मुंबईहून सुटतेच अकराच्या पुढे. म्हणजे त्या गाडीत सगळीच तपासणी रात्री होते, आणि लोक चिडतात ते तिथेच.

पूर्वी हे काम लांबलचक छापील चार्टवर पेनने चालायचं. आता टीसीच्या हातात एचएचटी असतं, टॅबसारखं यंत्र. प्रवासी आला की तशी नोंद, नाही आला तर 'एनटी', म्हणजे आलाच नाही. एनटी झालेला बर्थ आधी आरएसीवाल्यांना, म्हणजे एकाच बर्थवर दोघांत बसायची जागा मिळालेल्यांना, क्रमाने मिळतो, त्यातून उरला तर पुढच्या स्टेशनवरून चढणाऱ्यांसाठी खुला होतो. खेडच्या पुढे बोगद्यांत नेटवर्क जातं, उक्षी-भोके दरम्यानचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, तेव्हा नोंद पोचायला थोडा उशीर होतो इतकंच.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चालत नाही. दादरचं बोर्डिंग असलेला बर्थ रिकामा दिसला की तो एनटी होऊ शकतो, आणि पनवेलला तुम्ही चढाल तेव्हा त्यावर दुसरं कुणी झोपलेलं असेल. तिकीट खरं असूनही मग भांडता येत नाही. चार्ट बनण्याआधी बोर्डिंग स्टेशन बदलून घ्या, ऑनलाइन होतं. एकदा बदललं की मात्र दादरला चढायचा हक्क राहत नाही, हे लक्षात ठेवा.

गणपतीच्या दिवसांत ओळखीचे लोक सांगायचे, 'बर्थ तसाच ठेवा, आमचा माणूस खेडला चढेल.' मी कधी ठेवला नाही. साइड लोअरवर आरएसीचे दोघे रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले असतात. त्यांतली एखादी म्हातारी चार वेळा विचारून गेलेली असते, 'सायबानू, बर्थ गावतलो काय?' रिकामा बर्थ तिच्या नावावर करता येणं, हा या नोकरीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. तिचा क्रमांक डावलून ओळखीच्याला जागा देणं हा सरळ अन्याय आहे आणि तो कुणीही मागू नये.

उतरणाऱ्यांचंही तसंच. चिपळूणपर्यंतचं तिकीट असलेला झोपून राहिला, तर त्याचा बर्थ चिपळूणपासून पुढे कुणाला तरी दिलेला असू शकतो. म्हणून त्या वेळी टीसी त्या बर्थपाशी एक फेरी मारतो.

जनरल डब्यात नावांचा चार्टच नसतो, त्यामुळे कोण कुठे चढलं याची नोंद नसते. तिथे विनातिकीट सापडलात आणि कुठून चढलात याबद्दल शंका असली, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लागतं, मध्ये तपासणी झाली असेल तर त्या ठिकाणापासूनचं. वर किमान २५० रुपये दंड. रेल्वे कायदा १९८९, कलम १३८. पैसे भरलेत तर पावती घेतल्याशिवाय टीसीला सोडू नका.

आता आईंचं. त्याच कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे, सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचं स्टेशन, आणि तेही फक्त दिवसा. म्हणजे आपल्याकडे रत्नागिरी चालेल, ओरोसचं सिंधुदुर्ग स्टेशन चालेल, पण रात्री दोन वाजता एखाद्या आडस्टेशनवर उतरा म्हणणं बेकायदा आहे. त्यांच्याकडे ई-तिकीट असेल तर मूळ ओळखपत्र पर्समध्ये हवंच, आणि खिडकीवरचं असेल तर तिकीटच हवं, मोबाईलमधला त्याचा फोटो चालत नाही. खिडकीवरचं वेटिंग कन्फर्म झालं नाही, तर त्यावर स्लीपरमध्ये बसता येत नाही, फक्त जनरलमध्ये. गणपतीच्या गर्दीत वयस्क बाईला जनरलमधून कुडाळपर्यंत पाठवू नका. तिकीट रद्द करा आणि दुसऱ्या दिवशीची एखादी जादा गाडी बघा.