क्लेम करू की खिशातून भरू?

प्रश्न : साताऱ्यात पोवई नाक्याजवळ रिव्हर्स घेताना गाडी खांबाला धडकली. चूक माझीच. बंपर आणि टेललाइट मिळून ८,०००, रंग ४,०००, मजुरी २,०००. एकूण १४,००० रुपये सांगितलेत. गाडी साडेतीन वर्षांची, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के. विम्याचा क्लेम करावा का?

उत्तर : साधी, म्हणजे घसारा कापणारी पॉलिसी असेल तर करू नका. १४,००० काही हातात पडत नाहीत. प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (भाग जुने झाल्याची कपात), म्हणजे ४,००० गेले. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा साहित्याचा धरून त्याचे निम्मे, ५०० कापतात. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेमला आपण सोसायची रक्कम, १,००० रुपये. उरले ८,५००.

आता बोनस बघा. पुढच्या नूतनीकरणाला मिळणारे ४५ टक्के शून्यावर येतील आणि २०, २५, ३५ अशी चढण पुन्हा पहिल्यापासून. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ हप्ता ९,००० धरला, तर पहिल्याच वर्षी ४,०५० जातात. पाच वर्षांत साधारण दहा हजार, म्हणजे हातात येणाऱ्या ८,५०० पेक्षा जास्त. (थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्याचा बोनसशी संबंध नाही, एजंट बहुधा एकूण हप्ता दाखवून घाबरवतात.)

झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असेल तर सुमारे १३,००० मिळतील, मग बिनधास्त करा. बोनस प्रोटेक्शन (क्लेम केला तरी बोनस टिकवणारी जोड) घेतलंय का, तेही पॉलिसीत पाहा. मात्र ठरेपर्यंत बंपर काढू देऊ नका. आधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) पाहण्याआधी काम सुरू झालं की क्लेम अडतो. कुणाला इजा झाली असती तर हा हिशोबच नव्हता, पोलीस आणि कंपनी दोघांना कळवावंच लागतं.