तालमीत जाण्याआधी खाल्लेल्या गुळाची पेशीत ऊर्जा कशी होते?

गुळातली साखर लहान आतड्यात फुटते आणि ग्लुकोज रक्तातून पेशीत पोचतं. तिथे आधी पेशीद्रवात त्याचे पायरुव्हेट नावाच्या लहान रेणूचे दोन तुकडे होतात. यात ऑक्सिजन लागत नाही, पण हाती निव्वळ 2 एटीपीच (पेशी ऊर्जा वापरते ते रेणू) येतात.

खरी कमाई पायरुव्हेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाघर) गेल्यावर. तिथल्या क्रेब्ज चक्र या अभिक्रियांच्या फेऱ्यात कार्बन सुटून कार्बन डायऑक्साइड होतो (आपण उच्छ्वासात टाकतो तो हाच) आणि इलेक्ट्रॉन वाहक रेणूंवर चढतात. हे इलेक्ट्रॉन पडद्यातल्या प्रथिनांच्या साखळीतून उतरताना प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात. इथे राधानगरी धरण आठवा. अडवलेलं पाणी खाली येताना जसं जनित्राचं चक्र फिरवतं, तसे परतणारे प्रोटॉन एटीपी सिंथेज हे विकर अक्षरशः गरगर फिरवतात आणि एटीपी तयार होतं. मला जीवशास्त्रातलं सगळ्यात सुंदर यंत्र हेच वाटतं. प्रोटॉनच्या प्रवाहावर एटीपी बनतं ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली, 1978 चं नोबेल त्यासाठीच.

ऑक्सिजन शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारतो, त्याचं पाणी होतं. जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे 38 एटीपी लिहिलेले असतात. आता 30 ते 32 मानतात. जोरदार झटापटीत ऑक्सिजन अपुरा पडला की पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं. उरलेली ऊर्जा उष्णता होते, म्हणून जोर-बैठका मारताना अंग तापतं.