समुद्रात पोहणाऱ्या पोरीला भिंत कुठली?

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे. देवगडला राहतो, रोज खाडीच्या तोंडाशी पोहते. तिने मोबाईलवर चेक प्रजासत्ताकच्या बार्बोरा सीमानोव्हाच्या रेस बघितल्यात आणि आता तेच डोक्यात. म्हणते, त्या देशाला समुद्रच नाही तरी ती एवढी पुढे गेली, मग मी का नाही? जवळ पोहण्याचा तलाव नाही. काय सांगू तिला? (एक आई, देवगड)

उत्तर: ताई, पोरीचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. बार्बोरा प्राग शहराची, जन्म 2000 चा, सोळाव्या वर्षी रिओ ऑलिंपिकला पोहोचली. पण तिचं नाव झालं ते 2021 च्या मे महिन्यात, बुडापेस्टच्या युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये. 200 मीटर फ्रीस्टाईल, वेळ 1:56.27, पहिली आली आणि मागे कोण, तर इटलीची फेदेरिका पेलेग्रिनी, जिचा 2009 चा 1:52.98 चा विश्वविक्रम तेव्हाही कुणी मोडला नव्हता. पेलेग्रिनी 1:56.29. म्हणजे दोन शतांश सेकंद! मी हिशोब करून बघितला, त्या वेगाने साडेतीन सेंटिमीटर होतात, आगपेटीच्या रुंदीएवढे. पुढे टोकियो ऑलिंपिकला फायनलमध्ये 1:55.45 मारून सहावी आली, पाचवी होती अमेरिकेची नावाजलेली केटी लेडेकी, तिच्यात आणि हिच्यात पाव सेकंदही नाही.

आता मुद्दा असा की ही आगपेटी लाटेत जिंकता येत नाही. पन्नास मीटरच्या तलावात 200 म्हणजे चार लांब्या नि तीन टर्न, भिंतीजवळ आलं की कोलांटी, पायाने भिंत ढकलायची, पाण्याखालून सरकायचं (पंधरा मीटरच्या आत डोकं वर पाहिजे, नियम आहे) आणि परत हात. तुमच्या लेकीला भिंत माहीतच नाही. आणखी एक खोड असणार, समुद्रात दिशा चुकू नये म्हणून चार हातांनंतर मान वर करून बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) बघायची. तलावात तीच मान वर गेली की कंबर खाली जाते आणि वेग गेलाच. तरी दम मात्र तिच्याकडे चिकार असणार, तो तलावातल्या पोरांना महिनोन्‌महिने घाम गाळून मिळवावा लागतो.

म्हणून घाई नको. कमरेएवढ्या शांत पाण्यात, कुणी मोठं माणूस जवळ असताना, नुसती कोलांटी शिकू दे, नाकातून हवा सोडत, नाहीतर खारं पाणी थेट डोक्यात जातं (स्वानुभव, आमच्या बावीत पाठीला डबा बांधून शिकलो, तिथे निदान पाणी गोडं होतं). सुट्टीत मोठ्या शहरातल्या नातेवाईकांकडे पंधरा दिवस पाठवा, तलावात फक्त टर्न करून घ्या. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात समुद्री पोहण्याची स्पर्धा असते, तिथे उतरवाच.

आणि भिंत नाहीच जमली तर तिला दुसऱ्या चेक बाईचं नाव सांगा, इवेटा ह्लावाचोव्हा. 2006 साली इंग्लिश खाडी 7 तास 25 मिनिटांत पार केली. आपल्या आरती साहांना 1959 मध्ये 16 तास 20 मिनिटं लागली होती, खाडी पार करणारी आशियातली पहिली बाई. तिथे ना टर्न ना भिंत, होडीला हात लावला की बाद. तसल्या पोहण्याची देवगडची पोर जन्मापासून तयारी करतेय, फक्त पाणी तिथलं पंधरा-सोळा अंशाचं, तेवढं थंड समुद्राचं पाणी आपल्याकडे नाही!