ट्रॅक्टर आपला, पिकअपही आपली. मग चलन कशाचं?

प्रश्न: मी बार्शी तालुक्यातला शेतकरी. निफाडकडच्या एका बागायतदाराकडून पन्नास एचपीचा जुना ट्रॅक्टर घेतला. तीनशे किलोमीटर चालवत कुठे आणायचा, म्हणून भाच्याला घरची पिकअप घेऊन पाठवलं. वाटेत आरटीओच्या वायुवेग पथकाने गाडी काट्यावर नेली. आरसीवर एकूण वजन २,९९० किलो आहे, काट्यावर ४,२०० भरलं. ट्रॅक्टरची चाकं दोन्ही अंगांनी बाहेर होती, फाळका पाडलेला असल्यामुळे मागूनही. ४४,००० रुपयांचं चलन झालं आणि गाडी तिथेच उभी केली आहे. ट्रॅक्टर माझा, गाडी माझी, कुणाकडून रुपयाचं भाडं घेतलेलं नाही. मग मला ओव्हरलोडचा नियम कसा? दंड भरून गाडी तशीच पुढे आणता येईल का? मेहुणे म्हणतात, टायरमधलं पाणी काढा, रात्री निघा आणि कुणी हात दाखवला तर थांबू नका. आणखी एक. ट्रॅक्टर वाटेत पडला असता तर विमा मिळाला असता का?

उत्तर: मेहुण्यांचं आधी बघू, कारण तुमचा सगळ्यात मोठा खर्च त्यांच्या सल्ल्यात आहे. वजन करायला थांब म्हटल्यावर जो चालक थांबत नाही, किंवा वजन होण्याआधी माल उतरवतो, त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (२) खाली ४०,००० रुपये दंड आहे. आज जेवढं चलन झालंय जवळपास तेवढंच, तेही फक्त न थांबल्याबद्दल. आणि पाण्याचं म्हणाल, तर मागच्या दोन टायरांतून साधारण तीनशे किलो निघेल. तरीही गाडी नऊशे किलो जास्तच राहते.

आता तुमचा मूळ मुद्दा. घरचा माल, घरची गाडी. हा युक्तिवाद माझ्याकडे दर हंगामात कुणी ना कुणी घेऊन येतं. ऊसवाला येतो, विटावाला येतो, लग्नाचं सामान नेणारा येतो. त्यात चूक काय आहे ते सांगतो. मालकी आणि भाडं हे प्रश्न परमिटच्या वेळी येतात. वजनाच्या कलमात त्यांना जागाच नाही. कलम ११३ एवढंच विचारतं की नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा गाडी जड आहे का. चेसिस, ब्रेक आणि टायर त्या आकड्यासाठी बनवलेले असतात. ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे हे ब्रेकला कळत नाही.

तुमच्या गाडीचं एकूण वजन नेमकं २,९९० का, हेही सांगून टाकतो, कारण गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच आहे. ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला कलम ६६ मधून सूट आहे, परमिट लागत नाही. म्हणून कितीतरी पिकअप त्या रेघेच्या जरा आत बसवलेल्या असतात. विकताना 'परमिट नको, कटकट नको' असं सांगतात आणि ऐकणारा त्याचा अर्थ 'काहीही भरा' असा घेतो. पिकअपचं रिकामं वजन सतराशेच्या आसपास धरलं, तर कायद्याने तुम्हाला माणसांसकट तेराशे किलोच्या आतच भरता येतं. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर एकटाच दोन टनांचा. तुमची गाडी त्याच्यासाठी नाहीच. वीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर असता तर गोष्ट वेगळी होती.

चलनाचा हिशेब कलमाशी जुळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. माल गाडीच्या बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर १९४ (१ए) खाली वेगळे २०,०००. तुमचं वजन १,२१० किलो जास्त आहे आणि त्याचे दोन टन धरून ४,००० लावलेले दिसतात. अपूर्ण टनाचं काय करायचं हे कलमात लिहिलेलं नाही, तेव्हा २,००० रुपयांवर वाद घालता येईल. पण त्यासाठी तारखांना येण्याजाण्याचा खर्च धरा आणि मग ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर घातला नसता. त्यापेक्षा प्रकरण कलम २०० खाली तडजोडीने, म्हणजे कोर्टात न जाता, मिटवा. तसं मिटवताना राज्य सरकारने अधिसूचनेत ठरवलेली रक्कम लागते. चलनावरचे आकडे आणि कलमं तिच्याशी ताडून पाहा आणि पावतीशिवाय पैसा देऊ नका. कुणी 'पावती नको, निम्म्यात करू' म्हणालं तर लक्षात ठेवा, २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो.

काट्याची पावती तुमच्याकडे आहे ना? ती जपून ठेवा. वजनच न करता नजरेने चलन केलं असतं तर कलम ११४ वर बोट ठेवून आपण लढलो असतो. पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत काटा असेल तर तिथे न्यायचं, अशी रीत त्या कलमात दिली आहे. तुमच्या बाबतीत काटा झालेला आहे, त्यामुळे ती वाट बंद. भाचा चालवत होता म्हणून तुम्ही सुटता असंही नाही. गाडी तशी चालवू देणाराही १९४ मध्ये येतो. शिवाय चालक मालक नसेल, तर हे मालकाच्या माहितीने किंवा सांगण्यावरून झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. इथे तर तुम्ही स्वतःच पाठवलं होतं.

दंड भरून गाडी तशीच पुढे नेता येणार नाही. दंड म्हणजे परवानगी असा समज इतका पसरला होता की काही राज्यं पैसे घेऊन जादा वजनाच्या गाड्या पुढे सोडत होती. परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते थांबवलं. तडजोडीची रक्कम भरली तरी जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, आणि आता कलम १९४ मध्येच तशी अट आहे. उतरवण्याचा खर्च तुमचा, जोखीमही तुमची. तेव्हा आजच जवळचा मातीचा चढ किंवा माल चढवायचा धक्का बघा, लेखी आदेशाची प्रत घ्या आणि ट्रॅक्टर तिथे खाली घ्या. दोन फळ्या टाकून उतरवू नका. त्यात माणसं दगावतात.

विम्याचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. मी असतो तर तो पहिला विचारला असता.

ट्रॅक्टर वाटेत पडला असता तर पिकअपच्या विम्याचं काय झालं असतं? ट्रॅक्टर कुणाच्या अंगावर पडला असता, तर त्या माणसाला भरपाई द्यायची जबाबदारी जादा वजनाचं कारण सांगून कंपनीला सहजी झटकता येत नाही, कारण कलम १५० मध्ये कंपनीला दिलेले बचाव मोजके आहेत. पण तुमच्या गाडीचं नुकसान ही वेगळी गोष्ट. १९९६ च्या बी. व्ही. नागराजू खटल्यात मालवाहू गाडीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की त्या माणसांमुळे अपघात झालेला नाही, म्हणून एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. हा निकाल लोक सरसकट आपल्या बाजूचा समजतात. नीट वाचला तर तुमच्यासारख्या प्रकरणात तो उलटतो. दोन टनांचा ट्रॅक्टर तेराशे किलो भरता येणाऱ्या गाडीतून कलंडला, तर कंपनीचा वकील हेच म्हणेल की अपघात वजनामुळेच झाला. आणि खोटं बोलतोय असं मला म्हणता येणार नाही.

ट्रॅक्टरची अवस्था याहून वाईट होती. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या नेहमीच्या पॉलिसीत रस्त्याने वा रेल्वेने वाहून नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पण ती पॉलिसी अजून निफाडच्या मालकाच्या नावावर आहे. कलम १५७ मुळे ट्रॅक्टरसोबत आपोआप तुमच्याकडे येतो तो फक्त तिऱ्हाइताचा (थर्ड पार्टी) विमा. ट्रॅक्टरच्या नुकसानीचा भाग नाव बदलून घेतल्याशिवाय येत नाही. कम्प्लीट इन्शुलेशन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात १९९५ मध्येच हे ठरलं आहे. म्हणजे परवा ट्रॅक्टर खड्ड्यात गेला असता, तर विकणाऱ्याचं आता ट्रॅक्टरमध्ये काही उरलेलं नव्हतं आणि तुमचं अजून पॉलिसीत काही आलेलं नव्हतं.

म्हणून आज दोन अर्ज करा. विमा कंपनीकडे खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करण्याचा, आणि आरटीओकडे तीस दिवसांच्या आत आरसी हस्तांतराचा. हस्तांतराच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाच्या सह्या झाल्या नसतील तर त्यासाठी पुन्हा निफाडला जावं लागलं तरी जा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघा. असेल तर बँकेच्या ना हरकतीशिवाय आणि बोजा उतरवायच्या ३५ नंबरच्या फॉर्मशिवाय हा व्यवहार अर्धाच आहे.

मग ट्रॅक्टर घरी आणायचा कसा? चालवत आणण्यात कायद्याची अडचण नाही. शेतीचा ट्रॅक्टर बिगरवाहतूक वाहनात मोडतो, साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर चालतो. आरसी, चालू विमा आणि खरेदीचा कागद जवळ ठेवा, मागचे दिवे लागतात का बघा, अंधारात चालवू नका. दोन दिवस लागतील.

ते नको असेल तर भाड्याची गाडी घ्या, जिच्या आरसीवरच्या आकड्यात तुमचा ट्रॅक्टर बसतो अशी. नाशिकहून सोलापूरकडे परतीची रिकामी गाडी मिळाली तर भाडंही कमी पडेल. मात्र बिल्टीवाचून, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या माल मिळाल्याच्या पावतीवाचून, माल चढवू नका. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. १२,००० रुपये भाडं ठरलं तर कमाल १,२०,०००, ट्रॅक्टर पाच लाखांचा असला तरी. पूर्ण किमतीचं संरक्षण हवं असेल तर माल पाठवण्याच्या चिठ्ठीत किंमत लिहा आणि जादा जोखमीचा दर भरायला तयार राहा. चेसिस नंबरही बिल्टीवर यायला हवा. नुकसान झालंच तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ती न देता दावा लावला तर तो टिकत नाही. फोनवर झालेलं बोलणं म्हणजे नोटीस नव्हे.

राहिला भाचा. त्याच्याकडे एलएमव्ही लायसन्स असेल तर पिकअप चालवण्याबद्दल काही निघणार नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते चालतं, यावर ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं आहे. पण ओव्हरलोड हे लायसन्स काही काळ निलंबित करण्याचं कारण ठरू शकतं, आणि त्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तशी नोटीस आली तर गप्प बसू नका आणि मेहुण्यांकडून उत्तर लिहून घेऊ नका. काट्याची पावती, चलन आणि नोटीस घेऊन भाच्याला माझ्याकडे पाठवा.