घरी बनवलेलं स्केल मॉडेलिंगचं हत्यार बाजारात आणायचं असेल तर आधी पेटंट घ्यावं की थेट विक्री सुरू करावी?

प्रश्न वाचला आणि माळ्यावरचं खोकं आठवलं. त्यात माझ्या हत्याराच्या २१० ॲल्युमिनिअमच्या मुठी पडून आहेत. नर्लिंग केलेल्या (पकडीसाठी खरबरीत), काळं ॲनोडायझिंग, दिसायला झकास. म्हणून लिहितोय, नाहीतर पेटंटवर सल्ला देणारे इथे पैशाला पासरी आहेत.

माझं हत्यार म्हणजे पॅनेल लाइन, म्हणजे प्लास्टिकच्या मॉडेल विमानावर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, कोरायचा स्क्रायबर. असे स्क्रायबर विकत मिळतात, पण मला ०.१ मिमीची रेघ हवी होती. १/७२ मापाच्या मॉडेलवर ०.१ म्हणजे खऱ्या विमानावर ७ मिमी. तीच ०.३ ची मारलीत तर खऱ्या मिगवर दोन सेंटीमीटरची फट पडते, मेकॅनिकचं बोट जाईल आत. पुण्याच्या जुन्या बाजारात दीडशे रुपयांना पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्यांना) भोकं पाडायच्या वापरलेल्या ड्रिलची डबी मिळाली. ही ड्रिल कार्बाइडची असतात, दांडा ३.१७५ मिमी, म्हणजे इंचाचा आठवा भाग. डायमंड व्हीलवर टोक घासून बारीक छिन्नी केली, मूठ मित्राच्या लेथवर काढली. डायमो टेप (लेबलची जाड चिकटपट्टी) पट्टीसारखी चिकटवून पहिली रेघ ओढली तर प्लास्टिकची केसाएवढी अखंड तार निघाली. सुईने ओढताना कडा उचलल्या जातात, तसलं काही नाही. अकरा बनवले, अकराही आमच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपमधल्यांनी नेले.

मग दाजी मध्ये पडले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. भोसरीतल्या एका जॉबवाल्याने भाव दिला होता: २५ मुठी घेतल्या तर १६० रुपये नग, ३०० घेतल्या तर ७०. दाजी म्हणाले, "धंदा नगावर होत नसतो, लॉटवर होतो." मी ३०० ची ऑर्डर दिली.

आता चूक ऐका. घरच्या अकरा मुठींना मी लहान ड्रिल मारून वरून रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) फिरवला होता. ते माझ्या हाताला माहीत होतं, कागदावर उतरलंच नाही. ड्रॉइंगवर भोकापुढे नुसतं "३.२" लिहिलं. ३.२ चं ड्रिल मारलं म्हणून भोक काही ३.२ चं येत नाही. ते गेलं ३.३ पर्यंत. त्यात ग्रब स्क्रू (दांडा धरून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की दांडा एका अंगाला ढकलला जातो, टोक तिरकं होतं, रेघ ओढताना बोटांना कटकट लागते आणि रेघेला पायऱ्या पडतात. मी तावातावाने भोसरीला गेलो. त्याने शांतपणे माझंच ड्रॉइंग पुढे केलं. "साहेब, तीन पॉइंट दोन लिहिलंय, तीन पॉइंट दोनच मारलंय." त्याचं चुकलं काय? टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल ते, मी घातला नव्हता.

त्यातल्या ९० मुठींत टोकं ॲरल्डाइटने बसवली, एकेक व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यावर, सरळ धरून. नऊ रात्री गेल्या. विकलीही गेली. पण मग टोक बदलता येत नाही, आणि कार्बाइड फरशीवर पडलं की टिचतं. महिन्याभरात "नुसतं टोक मिळेल का" म्हणून फोन सुरू. बाकीच्यांना हात लावायची इच्छाच राहिली नाही.

दाजींचं आजही म्हणणं आहे की माल बरा होता, मला विकता आला नाही. (दाजी हे वाचणार नाहीत. ताई वाचते.) खिळा वाकडा निघाला तर गिऱ्हाईक दुसरा उचलतं. इथलं गिऱ्हाईक तसं नाही. आपल्याकडे बाहेरून येणारी मॉडेलची किट खेळण्यांत मोडतात, आणि खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. एवढे पैसे मोजून आणलेल्या पंखावर तुमचं हत्यार घसरलं तर तो माणूस तुम्हाला जन्मभर लक्षात ठेवतो. आणि या छंदात सगळे सगळ्यांना ओळखतात.

तेव्हा २५ च करा. १६० ला पडले तरी चालेल, ४५० ला विका. टोक स्वतः घासा, प्लास्टिकच्या तुकड्यावर एक रेघ मारून तो तुकडा पाकिटात टाका. मित्रांना "कसं वाटलं" विचारू नका, ते छानच म्हणतात. अनोळखी माणसाच्या हातात द्या आणि तोंड मिटून बघत बसा. माझा पहिला अनोळखी डावखुरा निघाला, ग्रब स्क्रू बरोब्बर त्याच्या अंगठ्याखाली.

राहिलं पेटंट. स्क्रायबर, चिमटा, सँडिंग ब्लॉक यांत पेटंट मिळण्याइतकं नवीन फार थोडं उरलंय. खरंच काही असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, पूर्ण स्पेसिफिकेशनला, म्हणजे सविस्तर वर्णनाला, १२ महिने मिळतात, तेवढ्यात कुणी घेतंय का तेही कळतं. पण अर्जाआधीच फोटो-व्हिडिओ टाकले असतील तर नावीन्य तिथेच गेलं. डिझाइन नोंदणी १० वर्षं असते, पुढे ५ वाढवता येतात, पण ती दिसण्यापुरती. हत्यार काम कसं करतं त्याला तिचं संरक्षण नाही. राज्याबाहेर एक नग विकलात तरी जीएसटी नोंदणी लागते, ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा तिथे कामाची नाही. पाकिटावर एमआरपी, तुमचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा फोन हवा. उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्याला वाटेला लावा.

तुमचं हत्यार नेमकं काय ते तुम्ही लिहिलेलंच नाही. धार नसलेलं, म्हणजे जिग (तुकडे जागेवर धरायचा साचा), क्लॅम्प, स्टँड असलं काही असेल तर वरचं निम्मं सोडून द्या. थ्रीडी प्रिंटरवर मागणी येईल तसा एकेक काढा, लॉटचा प्रश्नच मिटला. आणि कार्बाइड घासणार असाल तर ओलं घासा, चांगला मास्क लावा. त्या धुळीत कोबाल्ट असतो. मी दोन महिने बाल्कनीत उघड्या नाकाने घासत बसलो होतो, तो मूर्खपणा होता.

दाजींच्या बाजूनेही एक सांगायला हवं. त्या २१ हजारांतले १० त्यांचे होते आणि त्यांनी ते परत मागितलेले नाहीत. फक्त दर गणपतीला मखर काढायचं तर आधी ते खोकं खाली घ्यावं लागतं, आणि घेतात नेमके दाजीच.