गाडीचा अलार्म रात्री कारण नसताना वाजतो, काय तपासावं?

आधी बॉनेट उघडा. लॉकपाशी प्लंजरसारखा छोटा स्विच असतो, काही गाड्यांत तो लॉकच्या आतच असतो. त्यावर चिखल किंवा गंज बसला की बॉनेट बंद असूनही अलार्मला ते उघडं वाटतं. पावसाळ्यात पहिला संशय इथेच घ्यावा. कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारा, स्विच दहा-बारा वेळा दाबून सोडा. फरक पडला नाही तर स्विच बदला.

दरवाज्यांसाठी सोपी युक्ती: केबिनचा दिवा 'डोअर'वर ठेवा. सगळे दरवाजे नि डिकी लावूनही तो विझत नसेल, तर दोष बहुधा कुठल्यातरी दरवाज्याच्या किंवा डिकीच्या स्विचमध्ये आहे.

बॅटरी सकाळी, गाडी चालू करण्याआधी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास ठीक. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा बघा, टर्मिनलही घट्ट करा. व्होल्टेज पडलं की काही अलार्म त्यालाच छेडछाड समजतात.

अलार्म कंपनीचा नसून बाहेरून बसवून घेतलेला असेल तर शॉक सेन्सर (धक्का ओळखणारा भाग) शोधा, बहुधा डॅशबोर्डखाली सापडतो. तो बऱ्याचदा नुसत्या टेपवर चिकटवलेला असतो आणि उन्हाने टेप सुटली की लोंबकळतो. नीट बसवा, सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू थोडा थोडा कमी करा आणि दर वेळी गाडी लॉक करून टायरला लाथ मारून पाहा. अगदी शून्यावर नेऊ नका, मग काच फुटली तरी तो गप्प बसेल.

वायर कुरतडलेली दिसली तर मात्र उंदीर. आधी वायरिंग, मग सेन्सर.