'गणपूर्ती संवेदन' की 'सोबत्यांची चाहूल'?

प्रश्न असा आला आहे: जिवाणूंच्या आपसातल्या सहकार्याविषयी मराठीत लिहिताना 'क्वोरम सेन्सिंग'साठी, म्हणजे आसपास पेशींची दाटी झाली की जिवाणूंचं वागणं बदलतं त्यासाठी, 'गणपूर्ती संवेदन' चालेल का? आणि त्यांच्या या व्यवहाराला सहकार्य म्हणावं, सहकार म्हणावं की सहजीवन?

पाठ्यपुस्तकात किंवा परिभाषेच्या यादीत 'गणपूर्ती संवेदन' चालेल. लेखाच्या ओघात मात्र मी 'चाहूल' वापरेन: जिवाणूंना सोबत्यांची चाहूल लागते. कारण सांगण्याआधी मुळात काय घडतं ते पाहू.

समुद्रात राहणारा व्हिब्रिओ फिशरी हा जिवाणू (आता त्याचं नाव ॲलिव्हिब्रिओ फिशरी असं झालं आहे) निळसर-हिरवा प्रकाश देतो. प्रयोगशाळेत तो चंबूत वाढवायला ठेवला की सुरुवातीला पेशी भराभर वाढत जातात, प्रकाश मात्र त्या मानाने वाढत नाही. मग पेशींची दाटी झाली की बघता बघता चंबू उजळतो. केनेथ नीलसन, वुडलँड हेस्टिंग्ज हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये याचा उलगडा मांडला. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू सतत बाहेर सोडत असते. पेशी थोड्या असतात तोवर तो पाण्यात विरून जातो. त्या वाढल्या की तो साठतो, आणि ठरावीक पातळी ओलांडली की पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटून प्रकाशाची जनुकं सुरू करतो. तोच रेणू बनवणारं जनुकही याच जनुकांच्या ओळीत बसलेलं आहे. त्यामुळे एकदा सुरुवात झाली की रेणू आणखी वाढतो, प्रकाशही वाढतो, आणि सगळा चंबू एकदम पेटल्यासारखा होतो. १९८१ मध्ये या रेणूची रासायनिक रचना कळली. 'क्वोरम सेन्सिंग' हे नाव मात्र त्यानंतरचं, फुक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांच्या १९९४ मधल्या आढावा-लेखातलं.

म्हणजे इंग्रजीतही हा शब्द सभागृहातूनच उचललेला आहे, आणि त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द 'गणपूर्ती' हाच. 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' हे वाक्य वाचलेल्या कोणालाही अर्थ चटकन कळतो: पुरेसे जण जमल्याशिवाय कामकाज नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो मला नाकारायचा नाही.

तरी तीन ठिकाणी हा शब्द खटकतो. पहिली गोष्ट किरकोळ आहे. मराठी जीवशास्त्रात 'गण' हा शब्द प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या वर्गीकरणात आधीच वापरला जातो, कुलाच्या वरची पायरी म्हणून. जीवशास्त्राचा वाचक तिथे क्षणभर अडखळतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. सभेत डोकी मोजतात. जिवाणू काहीच मोजत नाही, त्याला फक्त त्या रेणूचं प्रमाण कळतं. मग तो रेणू इतर सोबत्यांकडून आला की स्वतःचाच सोडलेला वाहून न जाता साठला, हे त्याला कसं कळणार? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफिल्ड यांनी २००२ मध्ये नेमका हाच मुद्दा उपस्थित केला. त्यांचं म्हणणं असं की जिवाणू कदाचित सोबत्यांची संख्या अजमावतच नसतील. आपण सोडलेला पदार्थ आसपास टिकतो की वाहून जातो, एवढंच ते ताडत असतील. पुढे एकेकटे जिवाणू अतिसूक्ष्म जागेत कोंडून केलेल्या प्रयोगांत दिसलं की एकटी पेशीही दाटीत असल्यासारखी वागू लागते. सभासद एकच आणि तरी गणपूर्ती झाली, असं मराठीत लिहायचं तर वाक्य तिथेच मोडतं.

'चाहूल' इथे चपखल बसते. चाहूल म्हणजे मोजदाद नव्हे. कोणीतरी जवळ आहे हे कसल्याशा खुणेवरून लागलेलं भान म्हणजे चाहूल, आणि ती खोटीही ठरू शकते. कोंडलेल्या एकट्या पेशीला सोबत्यांची खोटी चाहूल लागली, हे वाक्य बरोबरही आहे आणि मराठीही आहे. शिवाय 'लागणे' हे क्रियापद शब्दाबरोबर आयतंच मिळतं. 'संवेदन करतात', 'संवेदन होते' अशी ओढाताण करावी लागत नाही.

तिसरी अडचण अशी की गणपूर्ती म्हटलं की पुढे 'कामाला सुरुवात' हे मनात येतंच. पटकीच्या जिवाणूचं उलटं आहे. तो थोड्या संख्येने असतो तेव्हा विष बनवतो आणि आतड्याला चिकटून थर धरतो. दाटी झाली की ही कामं बंद करतो आणि तिथून निघण्याच्या तयारीला लागतो. चाहूल लागल्यावर माणूस पुढे सरसावेल किंवा काढता पाय घेईल, शब्द दोन्हीला मोकळा आहे.

आता दुसरा प्रश्न. 'सहजीवन' हा शब्द वेगवेगळ्या जातींच्या एकत्र राहण्यासाठी रूढ आहे, तो तिथेच राहू द्यावा. हवाईच्या उथळ समुद्रातला एक छोटा माखूळ वर सांगितलेल्या प्रकाश देणाऱ्या जिवाणूंना आपल्या एका अवयवात जागा देतो आणि त्यांच्या उजेडाने चांदण्यात पडणारी आपली सावली लपवतो. रोज पहाटे त्यांतले बहुतेक जिवाणू तो बाहेर टाकतो, आणि उरलेले दिवसभरात पुन्हा वाढतात. हे सहजीवन. एकाच जातीच्या पेशी एकमेकींच्या उपयोगी पडतात तेव्हा मात्र 'सहकार्य'. 'सहकार' मी टाळेन, तो शब्द संस्था, सभासद आणि भागभांडवल सोबत घेऊन येतो.

सहकार्याचं सर्वात स्वच्छ उदाहरण स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचं. लोह मिळेनासं झालं की त्याच्या पेशी पायोव्हर्डिन नावाचा हिरवट-पिवळा पदार्थ बाहेर सोडतात. तो लोह पकडून आणतो आणि ते आसपासच्या कोणत्याही पेशीला घेता येतं. बनवण्याचा खर्च एकीचा, फायदा सगळ्यांचा. त्यामुळे हा पदार्थ न बनवता आणलेलं लोह फक्त वापरणाऱ्या पेशीही अशा वस्तीत तग धरतात, कधी वरचढही होतात. इंग्रजीत त्यांना 'चीटर' म्हणतात आणि भाषांतरात सर्रास 'फसवे जिवाणू' येतं. पण त्या फसवत कोणालाच नाहीत. मराठीत त्यांच्यासाठी 'ऐतखाऊ' हा उत्तम शब्द पडून आहे. फसवणुकीचा आळ न घेता नेमकं वर्तन तो सांगतो, आणि 'ऐतखाऊंची संख्या वाढली की लोह सगळ्यांनाच कमी पडतं' हे वाक्य शाळकरी मुलालाही समजेल.

प्रश्नकर्त्याने बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या बायोफिल्मचाही, म्हणजे एकमेकींना चिकटून राहणाऱ्या पेशींच्या थराचाही, उल्लेख केला आहे, तिथे जरा जपून. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्युरोल स्युएल यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की या थराच्या कडेच्या पेशी मधूनमधून वाढ थांबवतात आणि तेवढ्यात अन्न आतल्या पेशींपर्यंत पोचतं. हा मोठेपणा समजून 'त्याग' लिहायचा मोह होतो. प्रत्यक्षात कडेच्या पेशींना आतून येणारा अमोनियम हवा असतो, आणि आतल्या पेशी उपाशी राहिल्या की तोही आटतो. म्हणून इथे 'परस्परावलंबन' लिहावं. त्याच वर्षी त्याच गटाने या पेशी पोटॅशियमच्या आयनांमार्फत विद्युत संकेत पुढे पाठवतात हेही दाखवलं. त्याला 'संकेत' किंवा 'निरोप' म्हणा, 'चाहूल' नको: इथे संकेत एका पेशीकडून दुसरीकडे लाटेसारखा सरकतो, आसपास किती जण आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. २०१७ मध्ये तर असं दिसलं की अन्न कमी पडलं की शेजारचे दोन थर आपली वाढीची वेळ अदलाबदल करून घेतात. यासाठी 'कालविभाजन' असा शब्द घडवायची काहीच गरज नाही. दोन्ही थर आळीपाळीने खातात, एवढंच लिहावं.